कात्रीने उडवलेले कंस

तिला सगळे कात्री म्हणायचे. त्याचं एक कारण सरळ होतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिने सत्तावीस वर्षं कापड कापलं होतं. साठ-साठ थरांची चळत टेबलावर, वर खडूची रेघ, आणि त्या रेघेवरून फिरणारा तिचा हात. दुसरं कारण तिच्या तोंडात होतं. एकदा मुकादम घाई करायला लागला तेव्हा सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली होती, "साहेब, घाई पाहिजे की दोन्ही बाह्या सारख्या पाहिजेत ते ठरवा. घाईच पाहिजे असेल तर एक हात आखूड असलेलं गिऱ्हाईक शोधून आणा." त्या दिवसापासून मुकादम तिच्या टेबलापाशी आला की आधी खोकायचा.

कारखाना बंद पडला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. महिनाभर तिने घरातली सगळी कपाटं लावली, मग शेजारणीची लावली. शेवटी वेबसाइटची पानं बांधायचं काम करणारी तिची भाची वैतागून म्हणाली, "मावशी, तुला कापायचं डोकं आहे. माझ्या कामात तेच लागतं. शिकतेस का?"

"या वयात?"

"मग काय, कपाटं संपली ना?"

दर रविवारी फोनवर शिकवणी सुरू झाली. भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं की पानाचा एक साचा असतो. साचा एकदा केला की त्यावरून हवी तेवढी पानं निघतात. कात्रीला हसू आलं. तिने आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? पुढे साच्यात अटी घालायच्या असतात असं कळलं. जर हे असेल तर दाखव, नसेल तर झाक. तेही तिला आवडलं. कुणाशी तरी इतकं स्पष्ट बोलता येतंय आणि तो राग मानत नाही, हे तिला नवीन होतं.

सहा महिन्यांनी तिला शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे काम मिळालं. दुकान रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली होतं. आत उतरलं की आधी तेलाचा वास यायचा, मग डोळे सरावले की चाळीसएक मशीन दिसायची, कापडी खोळी घालून ओळीत उभी, प्रत्येकाच्या चाकाला दोऱ्याने बांधलेला नंबर. एका खिडकीतून उजेड यायचा. त्या खिडकीखाली, बॉबिनच्या खणांना खेटून, कात्रीचं टेबल आणि कॉम्प्युटर. मिस्त्री कॉम्प्युटरकडे जावयाकडे बघावं तसं बघायचे. मान द्यायचा, पण अंतर ठेवून.

दुकानात आलेलं प्रत्येक मशीन पानावर नोंदलं जायचं. विकायचं असो वा गिऱ्हाइकाचं दुरुस्तीला आलेलं असो, नोंद सगळ्यांची. गिऱ्हाइकाला घरबसल्या बघता यावं की आपलं काम झालं का. विक्रीची यादी मात्र वेगळी, आणि तिथे काय दिसावं ही अट कात्रीने लिहायची होती.

"सोपं आहे बाई," मिस्त्री हातातली सुई मिशीत खुपसल्यासारखी ओठात धरून म्हणाले. "दुरुस्त झालेलं किंवा नवं, असं दाखवायचं. आणि गिऱ्हाइकाचं असेल तर मुळीच नाही. गिऱ्हाइकाचं मशीन विक्रीला लावलं तर उद्यापासून मला या रस्त्याने डोक्यावरून पांघरूण घेऊन यावं लागेल."

कात्रीने तसंच लिहिलं. शाळेतलं गणित आठवून पहिल्या दोन गोष्टींना कंस घातला: (दुरुस्त किंवा नवं) आणि गिऱ्हाइकाचं नाही. पान उघडलं, तर लाल अक्षरांनी भरलेला एक पडदा समोर. तिने शब्द तपासले. सगळे बरोबर. पुन्हा तेच. तासभर ती त्या ओळीशी झटली. शेवटी, अडलेली चेन सोडवताना माणूस जे हाताला येईल ते ओढून बघतं, तसे तिने कंस उडवून बघितले.

पान उभं राहिलं.

"मिस्त्री! चाललं!"

तिने दोन मशीनवर तपासूनही बघितलं. मोडकं, बिनमालकीचं, म्हणजे कुणा गिऱ्हाइकाचं नसलेलं होतं ते यादीत आलं नाही. कोरं करकरीत होतं ते आलं. मिस्त्रींनी खूश होऊन चहा मागवला. भाचीला विचारायचं तिच्या मनात आलं होतं, पण जमलेल्या कामाबद्दल काय विचारायचं? शिवण उलट्या बाजूने बघितल्याशिवाय कपडा पुढे पाठवायचा नाही, हे कारखान्यात नव्या मुलींना ती स्वतः शिकवायची. त्या दिवशी मात्र चहा गरम होता.

पंधरा दिवस काही झालं नाही. गिऱ्हाइकं काम झालं की त्याच दिवशी मशीन उचलून न्यायची. मग एका शुक्रवारी मिस्त्रींनी हातातली चार कामं संपवली, चारही नंबरांपुढे 'दुरुस्त' अशी खूण करायला सांगितली, आणि ते लेकीचं नवं घर लावून द्यायला आठवड्यासाठी परगावी गेले.

सोमवारी सकाळी पानावरून एक पावती निघाली. सतरा नंबर, विकलं. दुपारी टेंपो आला. कात्रीने नंबर तीन वेळा ताडून बघितला, स्वतः एका बाजूने हात लावला आणि पायाचं ते जुनं मशीन पायऱ्यांवरून वर चढवून दिलं. चढवताना पायडलवर ठोकलेला एक लाकडी ठोकळा तिच्या नडगीला लागला. हे मिस्त्री पण ना, काहीही ठोकतात, असं म्हणत तिने नडगी चोळली.

मंगळवारी आजी आल्या.

काठी आधी उतरली, मग आजी. पायऱ्यांवर प्रत्येक वेळी उजवा पाय पुढे, डावा मागून. केस घट्ट बांधलेले, खांद्यावर पिशवी, पिशवीच्या तोंडाशी डोकावणारी मोजपट्टी.

"मिस्त्रींचा निरोप होता शुक्रवारी. सतरा नंबर. खुब्याचं हाड मोडलं म्हणून सहा महिने इथेच पडून होतं बिचारं. तू नवीन का गं?"

"चार महिने झाले आजी." कात्री उठून ओळीकडे वळली आणि तिथेच थांबली. सोळा होतं. अठरा होतं. दोघांच्या मधे फरशीचा एक स्वच्छ चौकोन होता, बाकी सगळीकडे धूळ.

'मिस्त्री तेलपाण्याला घेऊन गेलेत' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. चांगलं वाक्य होतं. चार दिवस सहज निघाले असते.

"आजी, बसा जरा."

"बसायला नाही आले मी. टेंपो वर थांबलाय."

"आजी, तुमचं मशीन काल विकलं गेलं."

आजींनी तिच्याकडे नीट बघितलं. "मिस्त्रींनी?"

"नाही. मी. म्हणजे पानावर ते विक्रीला आलं, पण पानाला तसं मीच सांगितलं होतं. आणि माझ्याच हाताने टेंपोत चढवलं."

आजी मग बसल्या. स्टुलावर, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. ओरडल्या असत्या तर कात्रीला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसांचा तिला सराव होता.

"हा पाय बघितलास?" त्यांनी डावी टाच उचलली. "दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड. जन्माचाच. त्या पायडलवर माझ्या वडिलांनी ठोकळा ठोकला होता, मी अकरा वर्षांची असताना. त्याच्यावर पाय बरोब्बर बसतो. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर पाय लोंबकळतो, नाहीतर कंबर ओढली जाते. आणि आता कंबर ओढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आयुष्यात मी दुसऱ्या मशीनवर एक टीप मारलेली नाही. ते मशीन असलं तर मी शिवणारी बाई. नसलं तर नुसती बसलेली म्हातारी. कळतंय का तुला, तू काय विकलंस?"

"कळतंय."

"मग आण परत."

कात्रीने पावतीवरचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मिस्त्रींना लावला. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, मागे हातोडीचा आवाज थांबला आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, सरळ कॉम्प्युटरची चूक म्हणून सांगा. लोक समजून घेतात."

"कॉम्प्युटरने मी सांगितलं तेच केलं, मिस्त्री."

"अहो, पण तो काय कोर्टात येऊन बोलणार आहे?"

तेवढ्यात टेबलावरून टिंग असा आवाज आला. नवी पावती. बावीस नंबर, विकलं. कात्रीने मान वळवून ओळीत बघितलं. बावीसच्या खोळीवर कुणाच्या तरी लेकीने टाचणीने चिठ्ठी लावली होती: 'आईचं मशीन, जपून.'

"फोन ठेवते," ती म्हणाली. "इथे अख्खं दुकान विकायला निघालंय."

तिने विक्रीची यादी आधी बंद केली, बावीसची पावती रद्द केली. मग खण उघडून बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. पडद्यावर बघून तिला कधी कळायचं नाही. हाताखाली वस्तू लागायची. "पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "पहिलं बटण, दुरुस्त आहे का. दुसरं, नवं आहे का. तिसरं, बिनमालकीचं आहे का."

"माझं मांड," आजी म्हणाल्या. त्या कधी उठून टेबलाशी आल्या होत्या ते तिला कळलंही नव्हतं.

"तुमचं... दुरुस्त, हो. नवं, नाही. बिनमालकीचं, नाही." पांढरं, काळं, काळं.

"दोन काळी आहेत. मग सुटलं कसं?"

"तेच बघतेय. मी लिहिलं होतं, दुरुस्त किंवा नवं आणि बिनमालकीचं."

आजींनी मोजपट्टीचं टोक बटणांवर टेकवलं. कपड्याची चूक शोधणाऱ्या बायका बोट लावत नाहीत, काहीतरी टेकवतात. "हे 'आणि' कुणाला चिकटलंय? या दोघांनाही की एकट्या 'नवं'ला?"

कात्री बटणांवर वाकली. तिने दुसरं आणि तिसरं बटण एकमेकांजवळ सरकवलं. पहिलं पांढरं एकटं बाजूला राहिलं. एकटं, आणि पुरेसं. दुरुस्त आहे ना? मग दाखव. पुढचं कुणी विचारतच नव्हतं. मालकीची चौकशी होत होती ती फक्त नव्या मशीनची.

"इथे फाटलं," आजी म्हणाल्या.

"इथे फाटलं," कात्री म्हणाली. "मी कंस घातले होते आजी. पान अडून बसलं म्हणून काढले."

तिने भाचीला फोन लावला. भाचीने अर्धं ऐकूनच कपाळाला हात मारला असावा, कारण आवाज झाला. "मावशी, तुझ्या त्या साच्याला कंस चालतच नाहीत! कंस दिसले की तो बंदच पडतो. आणि कंस नसले की 'आणि' आधी जोडतो, 'किंवा' मागून. मला विचारलं का नाहीस?"

"पान उभं राहिलं होतं ना गं."

"उभं राहिलं म्हणजे बरोबर झालं का?"

"झालं, एक थप्पड पुरे. आता कंसाशिवाय कसं करू ते सांग, माझ्यासमोर एक आजी उभ्या आहेत."

"अटीच्या पोटात अट घाल. बाहेरची आधी विचारली जाईल, तिच्यातून सुटलं तरच आतली."

कात्रीला एकदम टेबलावरची चळत आठवली. डागाळलेलं कापड आधी बाजूला काढायचं. मग उरलेल्यावर साचा ठेवायचा. डाग आणि माप एकाच वेळी बघायला गेलं की एखादा डागाळलेला थर जातोच आत. तिने बाहेर लिहिलं: जर गिऱ्हाइकाचं नसेल. त्याच्या आत: जर दुरुस्त किंवा नवं असेल. या वेळी तिने आठही तऱ्हेच्या ओळी बटणांनी मांडल्या आणि प्रत्येक ओळीचं एक-एक खोटं मशीन नोंदून पानावर बघितलं. आजी शेजारी उभ्या राहून मोजत होत्या, "पाच... सहा... ते नको दिसायला, नाही दिसलं... सात."

आठवी ओळ झाली आणि फोन वाजला.

"तुमचा मिस्ड कॉल दिसला," एक तरुण आवाज म्हणाला. मागे करवत चालू होती. "मशीन मिळालं हां, एकदम भारी. माझं कॉफीचं दुकान सुरू होतंय ना, त्यात सगळी टेबलं जुन्या मशीनच्या सांगाड्यांची करतोय. वरचं मशीन काढायचं, संगमरवराची लादी ठेवायची. तुमचं सहावं."

कात्री उठून उभी राहिली. "काढलं का वरचं?"

"सुतार आत्ताच लागलाय कामाला."

"त्याला थांबवा. मी येतेय. करवत खाली ठेवा म्हणावं!"

वर टेंपो उभाच होता. आजी म्हणाल्या, "मी पण येणार."

"तुमचा पाय..."

"माझ्या पायासाठीच चाललीयेस ना? मग तो नको का बरोबर?"

कॉफीचं दुकान बँकेमागच्या गल्लीत, कोपऱ्यावर. काचांना अजून कागद चिकटवलेले, आत रंगाचा आणि भुशाचा वास. पाच लोखंडी सांगाड्यांवर पांढऱ्या लाद्या बसल्या होत्या. सहावा सांगाडा मधोमध उघडा. मशीन काढून एका खोक्यात, मान वाकडी करून ठेवलेलं. चामडी पट्टा जमिनीवर वेटोळं घालून. आजींनी खोक्याजवळ जाऊन चाकावर हात ठेवला, मग खाली पायडलकडे बघितलं. तिथे चार खिळ्यांची भोकं होती आणि लाकडाच्या आकाराची एक काळी सावली.

"ठोकळा?" त्यांनी विचारलं.

सुतार गुडघ्यावर बसला होता. त्याने टेबलांच्या पायांकडे हात केला. "फरशी वर-खाली आहे आजी. पाचरी पाहिजे होत्या. चांगलं मुरलेलं लाकूड होतं, पाचही टेबलं कशी घट्ट बसली बघा. मला काय माहीत..."

कात्रीने डोळे मिटले.

"ताई, मला वाईट वाटतंय," कॉफीवाला म्हणाला. पंचविशीचा, कानामागे पेन्सिल, झोप न झालेले डोळे. "पण शुक्रवारी उद्घाटन आहे. तुमच्या पानावर होतं, मी घेतलं. माझं काय चुकलं?"

"काही नाही. माझं चुकलं. अट मी चुकीची लिहिली. तुमचे पैसे मिस्त्री परत देतील. पण हे मशीन यांचं आहे, आणि यांचा पाय दुसऱ्या मशीनवर चालत नाही. तुमचं टेबल दुसऱ्या सांगाड्यावर चालेल."

कॉफीवाल्याने आजींकडे बघितलं, टेबलांकडे बघितलं, कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच लावली. "बरं, ऐका. मला असाच दुसरा सांगाडा मिळाला किंवा लादीसकट तयार टेबल मिळालं आणि ते आज संध्याकाळच्या आत मिळालं, तर न्या हे."

"थांबा," कात्री म्हणाली. "आज संध्याकाळच्या आत, हे दोन्हीला की नुसत्या टेबलाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे सांगाडा उद्या सकाळी आणला तर?"

"सांगाडा..." तो विचारात पडला. आपण काय बोललो हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. "तयार टेबल असेल तर आज पाहिजे, कारण लाद्यांचा माणूस उद्या नाही, काही कमी-जास्त झालं तर पंचाईत. नुसता सांगाडा काय, लादी इथे आहेच. सुतार उद्याही आहे. उद्या चालेल."

"नक्की? सांगाडा उद्या, टेबल आज. दोन्हींपैकी एक."

"हो, नक्की."

"मग सांगाडा, उद्या नऊच्या आत. आणि मशीन आत्ता नेते. लिहून देऊ?"

सुतार खो-खो हसला. "ताई वकील आहेत का?"

"कात्री आहे," ती म्हणाली. "परवापर्यंत बोथट होते."

सांगाडा कुठून आणायचा हा प्रश्न तिने आधी कबूल करून मग सोडवला. मिस्त्रींना पुन्हा फोन. "मागच्या भिंतीला एक आहे," ते म्हणाले. "गंजका. घासून काळा रंग मारा. आणि बाई, कॉम्प्युटरवर ढकललंत का मग?"

"नाही."

"हं." मिस्त्रींनी हातोडी उचलल्याचा आवाज आला. "मी आल्यावर बोलू आपण."

ते बोलणं काय असेल, हे तिला कळत नव्हतं. नोकरी जाऊ शकत होती. पण ते नंतरचं काम होतं. आधी एक लोंबकळणारा पाय होता.

आजी काठीच्या टोकाने एका टेबलाखालची पाचर दाबून बघत होत्या. सुतार चट्‌कन म्हणाला, "काढून देऊ का आजी? जोडून काही होतं का बघतो."

"नको. घट्ट बसलीये," आजी म्हणाल्या. थोडा वेळ काठी तिथेच टेकलेली राहिली. "त्याला चालायला लागून साठ वर्षं झाली होती. बसू दे जरा. तू मला नवा दे."

"मोडलेल्या पाचरीवरून उंची मिळेल का?" कात्रीने विचारलं.

"पाचर तिरकी असते ताई. उंची गेली."

मग मोजण्यावाचून इलाज नव्हता. कात्रीने आजींना खुर्चीवर बसवलं, दोन्ही गुडघे सारखे केले, टाचांखाली कागद घातला. आजींच्या पिशवीतली मोजपट्टी मागितली तर त्या म्हणाल्या, "तिने नको, ती ताणलीये. तुझी नाही का?" कात्रीची तिच्या खिशात होतीच, कारखाना बंद झाला तरी ती सुटली नव्हती. तिने तीनदा मापलं. कॉफीवाला मोबाइलचा उजेड धरून वाकला होता.

"चप्पल घालून शिवता की अनवाणी?"

"अनवाणी."

"मोजा घालून?"

"थंडीत. तेव्हा मग थोडं पुढे टेकवते."

"मग अनवाणीचं माप धरते."

सुताराने जाड फळीचा तुकडा कापला, कडा मारल्या, पायडलवर ठोकला. नवं पांढरं लाकूड जुन्या काळ्या लोखंडावर उपऱ्यासारखं दिसत होतं.

आजींची खोली तळमजल्यावर होती. खिडकीजवळ मशीनची जागा तशीच मोकळी ठेवलेली, सहा महिने तिथे काहीच ठेवलं नव्हतं. टेंपोवाल्याने आणि कात्रीने सांगाडा आत आणला. मशीन वर बसवताना मिस्त्री फोनवरून बोलत होते, "डावीकडचा स्क्रू आधी... अहो डावीकडचा... बाई, तुमची डावी की मशीनची?" आणि कात्री म्हणत होती, "मिस्त्री, आधी ते ठरवा आणि मग ओरडा." पट्टा चढवला. आजींनी बॉबिन घातली, दोरा वाटेवाटेने आणला आणि सुईपाशी थांबल्या.

"ओव."

कात्रीने ओवलं.

आजींनी जुन्या चादरीची एक पट्टी सुईखाली धरली. उजवा हात चाकावर, डावा पाय ठोकळ्यावर, उजवा त्याच्या मागे. दाबलं. चाक उलटं फिरलं आणि दोरा तट्‌कन तुटला.

"अर्धं सूत, म्हणजे केसभर उंच आहे," आजी म्हणाल्या.

कात्री लगेच पायडलपाशी वाकली. "तासून आणते. सुतार असेल अजून."

"उभी राहा. मी बघते."

पुन्हा ओवलं. पुन्हा पाय. या वेळी चाक दोन वेढे सरळ गेलं, मग पाय अडखळला, चाक मागे आलं, दोरा तुटला. टेंपोवाला दाराशी चुळबुळत होता. कात्रीने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला.

"तुझं माप चुकलं नाही," आजी पायाकडे बघत म्हणाल्या. "वडिलांच्या ठोकळ्यात माझ्या टाचेचा खड्डा पडला होता. मी त्या खड्ड्यात पाय ठेवत होते. हा सपाट आहे."

"मग कोरून घेऊ या का?"

"कोरून होत नाही ते." त्यांनी टाच थोडी मागे घेतली, बोटं वर केली, पुन्हा टेकवली. "ओव."

तिसऱ्या वेळी दोरा सुईच्या शेजारून दोनदा गेला. ओवून झाल्यावर आजींनी पट्टी सरळ केली, चाकाला हाताने एक हलकीशी चाल दिली आणि पाय दाबला. खट. खट-खट. मग आवाज जुळला, एकमेकांत मिसळला आणि खोलीभर एकच लांब टीप चालू लागली, चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला आजींनी थांबून पट्टी उलटी केली आणि खालची बाजू उजेडात धरली.

"हं," त्या म्हणाल्या, आणि दुसरी पट्टी हातात घेतली.

कात्री दाराकडे निघाली. तिला अजून दुकानात जाऊन गंज घासायचा होता, रंग वाळायला रात्र लागणार होती.

"उद्या ये," मागून आजी म्हणाल्या. मान वर न करता, मशीन चालूच. "दुपारी. ओवायला. आणि तुझी ती बटणं घेऊन ये. माझ्या नातीच्या फ्रॉकला सहा पाहिजेत, पांढरी."

"काळी नकोत?"

"काळी ठेव तुझ्याकडे. तुला लागतील."

बाहेर टेंपोवाल्याने इंजिन सुरू केलं तरी आतला आवाज ऐकू येत होता. गल्लीच्या वळणापर्यंत कात्री तो ऐकत राहिली. मधे एकदा थांबला, तिने मान मागे वळवली, आणि मग पुन्हा सुरू झाला.